अस्वल बेटावर, आम्ही बोटीत: हिमाद्रीतला जुलै

गोव्यात आषाढाचा पाऊस कोसळत होता त्या आठवड्यात आम्ही वास्कोहून निघालो. दिल्ली, ऑस्लो, लाँगइयरब्येन करत शेवटी नी-ऑलेसुंड, आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड द्वीपसमूहातलं गाव, जिथे 'हिमाद्री' हे भारताचं संशोधन केंद्र आहे. विमानांच्या वेळा, सामानाचं वजन, उपकरणांचे कागद यांत वाचण्यासारखं काही नाही. फक्त एक गोष्ट लक्षात ठेवा. स्वालबार्ड नॉर्वेचं असलं तरी शेंगेन क्षेत्राच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या, बाहेर आहे. म्हणजे तिकडे जाताना तुम्ही शेंगेनमधून बाहेर पडता आणि परतताना पुन्हा आत येता. व्हिसा किमान दोन प्रवेशांचा घ्या.

सोमवार

लाँगइयरब्येनहून शेवटचा टप्पा छोट्या डॉर्नियर विमानाचा, जेमतेम वीस-पंचवीस मिनिटांचा. ढग फाटले आणि खाली हिमनद्याच हिमनद्या दिसू लागल्या. काळ्या डोंगरांच्या मधून त्या थेट समुद्रात उतरत होत्या. विमानात कोणी बोलत नव्हतं. सगळे खिडकीला नाक लावून बसले होते.

नी-ऑलेसुंड ७८ अंश ५५ मिनिटे उत्तर अक्षांशावर आहे. मूळचं हे कोळशाच्या खाणीचं गाव. नोव्हेंबर १९६२ मध्ये खाणीत स्फोट होऊन २१ कामगार मेले आणि त्यानंतर खाण कायमची बंद झाली. आता इथे फक्त संशोधन चालतं. हिवाळ्यात तीस-पस्तीस माणसं असतात, उन्हाळ्यात शंभराच्या वर जातात. भारताचं 'हिमाद्री' केंद्र इथे १ जुलै २००८ रोजी सुरू झालं. लाकडी, दुमजली घर आहे. बूट दारातच काढायचे, आत मोज्यांवर फिरायचं. ही पद्धत सगळ्या गावाची आहे, खाणकामगारांच्या काळापासूनची. आपल्याला त्यात नवं काहीच वाटत नाही.

नवं वाटतं ते दुसरंच. कुठल्याच घराला कुलूप नसतं. रस्त्यात अस्वल दिसलं तर जवळचं कोणतंही दार उघडून आत शिरता यावं म्हणून. आणि गावाच्या वीस किलोमीटरच्या परिसरात वाय-फाय, ब्लूटूथ, मोबाइल सगळं बंद. अब्जावधी प्रकाशवर्षं दूर असलेल्या क्वेसारांच्या, म्हणजे अतितेजस्वी दीर्घिका-केंद्रांच्या, रेडिओलहरी पकडणाऱ्या अँटेना इथे आहेत, त्यांच्या कामात आपल्या फोनचा गोंगाट चालत नाही. घरी बोलायचं तर तारेवरचा फोन किंवा तारेचं इंटरनेट. इथे येण्याआधीच घरच्यांना सांगून ठेवा, म्हणजे उत्तर आलं नाही म्हणून कोणी घाबरणार नाही. फोनमधले नकाशे, पुस्तकं, गाणी आधी उतरवून घ्या.

झोपायला गेले तेव्हा ऊन खिडकीतून सरळ उशीवर येत होतं. इथे एप्रिलच्या मध्यानंतर मावळलेला सूर्य नाही, तो ऑगस्टच्या अखेरपर्यंत मावळणार नाही. डोळ्यांवर बांधायची पट्टी जरूर आणा.

मंगळवार

बाहेर कामाला जायचं तर आधी रायफलचं प्रशिक्षण. सकाळी वर्ग, दुपारी नेमबाजी. गाव चालवणाऱ्या किंग्ज बे कंपनीचे लोक हे अगदी गंभीरपणे शिकवतात. मॅगझिन भरलेलं, चेंबर रिकामं, अशा अवस्थेत रायफल खांद्यावर घेऊन चालायचं. गावात शिरण्यापूर्वी ती पूर्ण रिकामी करायची आणि सोबतच्याने डोळ्यांनी खात्री करून घ्यायची. सोबत सिग्नल पिस्तूल असतं. त्यातलं फटाक्यासारखं फुटणारं काडतूस आपल्या आणि अस्वलाच्या मध्ये फुटलं पाहिजे. ते अस्वलाच्या पलीकडे पडलं तर घाबरलेलं जनावर आपल्याच दिशेने धावतं.

प्रशिक्षक पुन्हा पुन्हा एकच सांगत होते: गोळी झाडायची वेळ आली म्हणजे तुमचं आधीचं सगळं चुकलेलं असतं. नीट बघितलं नाही, वारा कुठून आहे याचा विचार केला नाही, निघायला उशीर केला. स्वालबार्डमध्ये अस्वलाला १९७३ पासून पूर्ण संरक्षण आहे. एखादं मारावं लागलंच तर तिथल्या राज्यपालांच्या कार्यालयाकडून रीतसर चौकशी होते. १ जानेवारी २०२५ पासून नियम आणखी कडक झालेत. अस्वलापासून किमान ३०० मीटर लांब राहायचं, आणि १ मार्च ते ३० जून या काळात ५०० मीटर. जवळ दिसलं तर आपण मागे सरायचं.

संध्याकाळी गावातून चालताना आमच्यावर पहिला हल्ला झाला तो मात्र शंभर ग्रॅम वजनाच्या पक्ष्याचा. आर्क्टिक टर्न, आपल्याकडच्या नदी सुरयचा हा उत्तरेतला भाऊबंद. घरटं म्हणजे रस्त्याकडेच्या खडीत नुसता खळगा, त्यात खडीच्याच रंगाची अंडी. तुम्ही पंधरा पावलांवर आलात की नर-मादी किंचाळत वर उठतात आणि डोक्यावर सूर मारतात. चोच लालभडक आणि चांगली टोकदार. कोचीहून आलेल्या सहकारी ताईंच्या टोपीतून आत टोचलं, थोडं रक्तही आलं. यावर उपाय सोपा आहे. गावात ठिकठिकाणी काठ्या ठेवलेल्या असतात, त्यातली एक डोक्याच्या वर उभी धरायची. पक्षी सगळ्यात उंच टोकावर हल्ला करतो. काठी फिरवायची मात्र नाही, नुसती धरायची.

हा पक्षी उत्तरेचा उन्हाळा संपला की अंटार्क्टिकाच्या समुद्रापर्यंत जातो आणि पुढच्या वर्षी परत इथेच येतो. ग्रीनलँडच्या टर्नना लहानशी नोंदयंत्रं बांधून २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वर्षाचा प्रवास सरासरी ७०,००० किलोमीटरहून जास्त निघाला. आमचे टीम लीडर सर अंटार्क्टिकात 'मैत्री'वर एक हिवाळा काढून आलेले. ते काठी डोक्यावर धरून बराच वेळ त्या जोडीकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, "दोन्ही टोकं आपण पाहिली म्हणायचं. पण मला न्यायला जहाज लागलं होतं."

बुधवार

आजचं काम माझं नव्हतं. हिमनदीवर काम करणाऱ्या गटाला सामान वाहायला माणसं हवी होती म्हणून गेले. पश्चिम ब्रॉगरब्रेन ही गावापासून चालत जाण्याजोगी हिमनदी. बर्फात रोवलेल्या खांबांची उघडी पडलेली लांबी मोजायची आणि त्यावरून किती बर्फ वितळलं ते काढायचं. शेजारच्या पूर्व ब्रॉगरब्रेनवर नॉर्वेजियन ध्रुवीय संस्था १९६७ पासून हे मोजते आहे. वाटेत टुंड्रा. पाऊल टाकाल तिथे फुलं, सगळी बोटभर उंचीची. झाडही आहे, ध्रुवीय विलो. जमिनीला चिकटून पसरतं. दगडावरून दगडावर पाय टाकत चाला. एकदा उखडलेलं शेवाळ भरून यायला इथे कित्येक वर्षं लागतात.

हिमनदीपुढच्या दगडगोट्यांत एक रेनडिअर चरत होता. स्वालबार्डचा रेनडिअर बुटका, आखूड पायांचा, गोल पोटाचा. हिवाळ्याचे पांढरट केस झडत होते, त्यामुळे अंगावर ठिगळं दिसत होती. आम्ही थांबलो. तो मात्र मान वर करून बघत हळूहळू आमच्याच दिशेने चालत आला, वीसेक पावलांवर थांबला, नाक उंचावून वास घेतला आणि पुन्हा चरायला लागला. इथे लांडगे नाहीत, त्यामुळे त्याला पळायची सवय नाही. चावण्याचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता.

या द्वीपकल्पावरचे रेनडिअर शिकारीने पूर्वीच संपले होते. १९७८ मध्ये मोजकी जनावरं इथे पुन्हा आणून सोडली. ती वाढत वाढत साडेतीनशेच्या घरात गेली आणि १९९३-९४ च्या एकाच हिवाळ्यात शंभराच्या आत आली. हिवाळ्यात बर्फ पडायच्या ऐवजी पाऊस पडला. ते पाणी जमिनीवर गोठलं आणि चाऱ्यावर काचेसारखा कडक थर बसला. रेनडिअर खुराने भुसभुशीत बर्फ उकरू शकतो, हा थर फोडू शकत नाही. हिवाळ्यातला असा पाऊस आता वारंवार होतो. परतताना एका ओढ्याच्या काठी सांगाडा दिसला, जबड्यासकट. गटातल्या एकाने त्याची जागा वहीत नोंदवली. शिंग किंवा हाड घरी न्यायचा मोह होतो, पण उचलू नका. तिथलं तिथेच राहू द्या.

गुरुवार

ज्या दिवसासाठी आले होते तो हा. वारा पडलेला, पाणी शांत, हवेत चार अंश.

सकाळच्या नाश्त्यालाच दुपारचा डबा भरून घ्यायचा असतो. गावात स्वयंपाकघर एकच, सगळे देश तिथेच जेवतात. ब्रेड, साल्मन, काकडी आणि नॉर्वेचं तपकिरी चीज. हे चीज दुधाचं पाणी आटवून करतात, चव थेट साताऱ्याच्या कंदी पेढ्याकडे जाते. मी त्यावर शेंगदाण्याची चटणी घालून खाल्लं आणि टेबलावरच्या इतरांनाही खायला लावलं. दोघांनी डबी मागून घेतली.

बोटीवर आम्ही चौघे: सर, कोचीच्या ताई, मी आणि नॉर्वेजियन बोटचालक. पन्नाशीचा, कमी बोलणारा गृहस्थ. अंगात पाण्यावर तरंगणारे जाड सूट. पडलात तर या पाण्यात काही मिनिटांत हात चालेनासे होतात, म्हणून बोट बंदरात असली तरी चेन गळ्यापर्यंत ओढायची. माझ्याकडे सीटीडी होतं. हे यंत्र तारेने खोल सोडायचं, ते पाण्याची क्षारता आणि तापमान खोलीनुसार नोंदवत जातं. शिवाय वेगवेगळ्या खोलीवरचं पाणी भरून आणायच्या बाटल्या. काँग्सफ्योर्ड, म्हणजे गावापुढची डोंगरांमध्ये आत शिरलेली खाडी, तिच्या मध्यापासून सुरुवात, मग आत हिमनदीच्या तोंडापर्यंत, आणि परतीच्या वाटेवर ब्लोमस्ट्रांड बेटावर उतरून तिथल्या ओढ्याचं पाणी, असा बेत.

पहिल्या थांब्याच्या परिसरात, पाण्याखाली, आपलं 'इंडआर्क' आहे. जुलै २०१४ मध्ये सुमारे १९२ मीटर खोल पाण्यात बसवलेली ही भारताची वेधशाळा. समुद्रतळाला नांगरलेली दोरी आणि तिच्यावर ठरावीक खोलीवर उपकरणं. अटलांटिकचं कोमट पाणी या फ्योर्डमध्ये किती आणि कधी शिरतं हे ती बारा महिने नोंदवते. हे पाणी आपल्या पावसाशी कसं जोडलेलं आहे याचा अभ्यास वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रात चालू असतो. इतक्या लांब येण्याचं ते एक कारण.

यंत्र वर ओढत असताना फुल्मार बोटीभोवती घिरट्या घालत होते, पंख अजिबात न हलवता, लाटेच्या इतक्या जवळून की पंखाचं टोक पाण्याला लागेल असं वाटे. काळेपांढरे लिटल ऑक घाईघाईने पंख मारत जात होते. बोटचालकाने एकदाच बोट दाखवलं: एक पफिन, नारिंगी चोचीचा. मी बाटलीवर नंबर लिहीत होते. वर बघेपर्यंत तो गेला.

आत गेलो तसे तरंगणारे बर्फाचे तुकडे वाढले. इंजिन मंद केलं की त्यांचा आवाज ऐकू येतो. शेकडो वर्षं दाबून राहिलेले हवेचे बुडबुडे वितळताना तडतड फुटतात. समोर क्रोनेब्रेन हिमनदीची निळी भिंत, मागे तीन टोकदार डोंगर: स्वेआ, नोरा आणि दाना. स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क यांच्या नावाचे. भिंतीच्या फार जवळ कोणी जात नाही. तुकडा कोसळला की लाट येते, आणि कधी पाण्याखालचा बर्फ अचानक उसळून वर येतो. दर थोड्या वेळाने गडगडाट होत होता आणि दर वेळी माझं काम थांबत होतं.

भिंतीपुढे पाण्याचा एक पट्टा तपकिरी होता, आणि त्यावर किटिवेक कुरवांचा नुसता गलका. शेकडो पक्षी. उडत, टपकन पाण्यावर पडत, पुन्हा उडत. पुस्तकात मी हे वाचलं होतं, पण आमच्या यंत्राने ते डोळ्यांसमोर मांडलं. हिमनदीच्या तळाशी वितळलेलं गोडं पाणी खोलवर, समुद्रात शिरतं. गोडं पाणी हलकं, म्हणून ते वर झेपावतं आणि वाटेत खालचं खारं पाणी, त्यातले प्लवक आणि कोळंबीसारखे बारीक क्रिल यांनाही सोबत ओढून आणतं. वर येईपर्यंत हे जीव गोड्या पाण्याने अर्धमेले होतात. किटिवेकला खोल बुडी मारता येत नाही. इथे हिमनदीच त्याचं अन्न वर आणून देते. सीटीडीच्या आलेखावर वरचा थर गोड आणि थंड, खालचा खारट आणि जास्त उबदार, अशी स्वच्छ रेघ उमटली. मी आलेख बघत होते आणि डोक्यावर त्याच आलेखाचा कलकलाट चालू होता. इतका आनंद मला प्रयोगशाळेत क्वचित झालाय.

जवळच एका सपाट तुकड्यावर दाढीवाला सील पडला होता. लांब पांढऱ्या मिशा, आणि तोंड गंजासारखं तांबूस. तळाच्या चिखलात शिंपले शोधताना त्यातलं लोह केसांवर बसतं, त्याचा हा रंग. त्याने एकदा डोळे उघडून आमच्याकडे पाहिलं, मागचे पाय एकमेकांवर घासले आणि परत झोपला. बोटचालक हलकेच म्हणाला, "चांगलं झालं." सील पाण्यात उडी मारून गेला असता तर आम्ही फार जवळ गेलो होतो असा त्याचा अर्थ. पुढे सबंध दिवस मी हीच मोजपट्टी लावत राहिले.

शेवटच्या थांब्यावर यंत्र खाली, तार ताणलेली, आणि ताई एकदम म्हणाल्या, "तिकडे बघा, बर्फ हलतोय." बर्फ नव्हता. बेलुगा होते. पांढऱ्या पाठी एकामागून एक वर येत, गोल वळत, परत खाली जात होत्या. पाठीवर पर नसतो, बर्फाखाली पोहणाऱ्या प्राण्याला तो अडचणीचाच. मोठ्यांच्या मध्ये दोन राखाडी पाठी होत्या, ती पिल्लं. मोठे होता होता ती पांढरी होतात. बोटचालकाने इंजिन बंद केलं. मी तार वर घेण्यासाठी हात पुढे केला तर सर म्हणाले, "राहू दे. जाऊ देत त्यांना." मग नुसते श्वास ऐकू येत होते. फुस्स, थोडी शांतता, मग दुसऱ्या दिशेने फुस्स. कळप हिमनदीच्या भिंतीला समांतर, किनाऱ्याला धरून गेला. २०१८ मध्ये विमानातून केलेल्या मोजणीत साऱ्या स्वालबार्डभोवती बेलुगांची संख्या साडेपाचशेच्या आसपास निघाली. त्यांतले मोजके आमच्या तारेजवळून गेले. ताईंच्या डोळ्यांत पाणी होतं, माझ्याही.

डबे उघडले तेवढ्यात रेडिओ बोलला.

नॉर्वेजियनमध्ये दोन वाक्यं, मग सगळ्यांसाठी इंग्रजीत: अस्वल, पाण्यात, लोवेन बेटांच्या दिशेने पोहतंय. जमिनीवर असलेल्या सगळ्यांनी आपलं ठिकाण कळवावं. बोटचालकाने डबा बंद केला, दुर्बीण उचलली आणि नकाशावर बोट ठेवलं. आमचा ब्लोमस्ट्रांडचा ओढा त्या बाजूलाच. "आज तिथे उतरणं नाही," तो म्हणाला. सरांनी लगेच मान डोलावली. महिनोन्महिने आखलेला नमुना एका वाक्यात गेला, आणि कोणालाही त्यावर बोलावंसं वाटलं नाही.

परतीची वाट त्याच बाजूने होती. अंतर मोजणाऱ्या दुर्बिणीत आकडा सहाशे मीटरच्या वर दिसत होता आणि चालकाने तो कमी होऊ दिला नाही. पोहत असलेल्या अस्वलाच्या मागे बोट नेत नाहीत, त्याची वाटही अडवत नाहीत. आम्ही पाहिलं तेव्हा ते खडकावर चढत होतं. उन्हात रंग पिवळसर, साईसारखा. अंग झटकलं, पाण्याचा फवारा उडाला. आणि त्याच क्षणी बेटावरून सगळं आकाश उठलं. आयडर बदकं, कलहंस, टर्न. टर्न तर त्याच्या डोक्यावर सूर मारत होते, मंगळवारी आमच्या डोक्यावर मारत होते तसेच. त्याने मानही हलवली नाही. नाक जमिनीला लावून एका घरट्याकडून दुसऱ्याकडे चालत राहिलं. थांबे, डोकं खाली जाई, वर येई, पुढचं घरटं.

आयडरची मादी पंचवीसेक दिवस अंड्यांवर जवळजवळ उपाशी बसते. स्वतःच्या छातीची पिसं उपटून घरट्यात अंथरते. हे पक्षी अशा बेटांवर घरटी करतात ते कोल्हा पोहून येत नाही म्हणून. अस्वल येतं. पूर्वी उन्हाळ्यात ते क्वचित येई. हिवाळ्यात-वसंतात हा फ्योर्ड गोठायचा आणि त्या बर्फावर अस्वलांना सील मिळायचे. २००६ नंतर फ्योर्ड पूर्वीसारखा गोठत नाही. अटलांटिकचं कोमट पाणी आत येतं, तेच आमच्या बाटल्यांमधलं. सकाळपासून मी ज्याचे अंश मोजत होते त्याचा परिणाम समोर चालत होता, अंडी खात. मला त्या अस्वलाचा राग आला नाही, आणि ते बघून निव्वळ आनंदही झाला नाही. इतकं मोठं, देखणं जनावर अंड्यांवर पोट भरतंय हे बघवत नव्हतं, आणि नजर हलतही नव्हती.

दहाएक मिनिटांनी चालकाने बोट वळवली. मी थोडं थांबूया म्हणणार होते, पण त्याने स्वतःच सांगितलं, "त्याला आपली सवय व्हायला नको." माणसाच्या बोटीला सरावलेलं अस्वल उद्या गावात येतं, आणि मग त्याचं काय होतं हे त्याने पाहिलं होतं.

ब्लोमस्ट्रांडच्या किनाऱ्यावर दुसऱ्या देशाचे तिघे संशोधक उतरले होते. त्यांची बोट लांब होती म्हणून त्यांना आम्हीच घेतलं. रायफल खांद्यावर, पाठीला पाठ लावून, तिन्ही दिशांना बघत ते पाण्याच्या कडेला उभे होते. बोटीत बसल्यावर त्यांनी चॉकलेट काढलं, आम्ही पोह्यांचा चिवडा. अर्धा तास कोणीही कामाबद्दल बोललं नाही. प्रत्येकजण आपापलं पहिलं अस्वल सांगत होता. माझं पहिलं आजचंच.

रात्री, म्हणजे उन्हातच, सागरी प्रयोगशाळेत पाणी गाळत बसलो. गाळण्याचं काम उद्यावर ढकलता येत नाही, पाण्यातले जीव मरतात आणि आकडे बदलतात. संपलं तेव्हा सकाळ होत आली होती.

शुक्रवार

धुकं. बोटी बंद, विमान बंद. असा एखादा दिवस वेळापत्रकात धरूनच चला.

दुपारी हिमाद्रीच्या खिडकीतून कोल्हा पाहिला. उन्हाळ्याचा तपकिरी अंगरखा, मांजरापेक्षा थोडा मोठा. समोरच्या गवतात बार्नॅकल कलहंस पिल्लांना घेऊन चरत होते. हे पक्षी स्कॉटलंड-इंग्लंडच्या सीमेवरच्या सॉलवे खाडीतून इथे येतात. जुलैत त्यांची उडायची पिसं झडतात, त्यामुळे काही आठवडे मोठ्यांनाही उडता येत नाही. कोल्ह्याला हे पक्कं ठाऊक. तो घराच्या भिंतीला चिकटून आला, थबकला, धावला. कलहंसांनी पिल्लांना मध्ये घेतलं, माना लांबवल्या, पंख पसरले. तरी एक पिल्लू गेलं. सगळं पंधरा सेकंदांत. कोल्हा दिसायला गोजिरवाणा असतो, पण इथल्या कोल्ह्यांत रेबीज आढळलेला आहे. जवळ येऊ देऊ नका, खायला तर मुळीच घालू नका.

शनिवार

सकाळी हवा उघडली. अस्वल उत्तरेकडे गेल्याची खात्री झाल्यावर परवानगी मिळाली आणि ब्लोमस्ट्रांडचा नमुना शेवटी हाती आला. दोघे पाणी भरत होते, दोघे पाळत ठेवून उभे होते. ब्लोमस्ट्रांड पूर्वी नकाशात द्वीपकल्प होतं. मागची हिमनदी आटत गेली आणि ते बेट असल्याचं उघड झालं. किनाऱ्यावर शंभरेक वर्षांपूर्वीच्या संगमरवराच्या खाणीची गंजलेली यंत्रं अजून पडून आहेत.

शनिवारी रात्री सगळं गाव जरा नीटनेटकं होऊन जेवायला येतं. मी आईची इरकल साडी आणली होती, खाली लोकरीचे मोजे. समोर एक पक्षी-अभ्यासक बाई होत्या, गेली कित्येक वर्षं उन्हाळा इथेच काढणाऱ्या. मी गुरुवारचं बेट सांगितलं. त्यांनी काटा खाली ठेवला आणि कोणत्या बाजूने अस्वल चढलं, किती वेळ थांबलं, आयडर किती वेळाने परतले असं एकेक विचारत गेल्या. आयडर परततात का हे आम्ही पाहिलंच नव्हतं. १५ मे ते १५ ऑगस्ट त्या पक्षीबेटांच्या ३०० मीटरच्या आत कोणाला जाता येत नाही, त्यांनाही परवानगीशिवाय नाही. "मादी घरट्यावरून उठली की मोठे कुरव टपलेलेच असतात," त्या म्हणाल्या. "माणसामुळे उठली काय आणि अस्वलामुळे उठली काय, अंडी जातात." मग त्यांनी मला त्या बेटावरच्या घरट्यांबद्दल, एकेका मादीबद्दल सांगितलं. काही माद्या त्यांना पायातल्या कड्यांवरून ओळखू येत होत्या. त्यांतली एक त्यांच्या पहिल्या उन्हाळ्यापासूनची. ती या वर्षी त्या बेटावर होती का, हे मी विचारलं. होती.

जाणाऱ्यांसाठी काही गोष्टी. संशोधक असाल तर वास्कोचं केंद्र आर्क्टिक मोहिमेसाठी प्रस्ताव मागवतं, त्यांच्या संकेतस्थळावर लक्ष ठेवा. प्रस्तावात प्राण्यांमुळे बुडणारे दिवस धरा. प्रवासी म्हणून जायचं तर नी-ऑलेसुंडला जहाजाने थांबता येतं. आखलेल्या रस्त्यावरूनच चालावं लागतं आणि फोन विमान-मोडवर ठेवावा लागतो. ड्रोन नेऊ नका. बोटीवरून १०×४२ ची दुर्बीण पुरते, त्याहून मोठी हातात थरथरते. हातमोजे दोन थरांचे घ्या, आतला पातळ, म्हणजे पेन्सिल धरता येते. थंडीत आणि ओल्या कागदावर पेन नीट चालत नाही, नोंदी पेन्सिलीनेच करा. आणि चिवडा जास्त न्या. तो बोटीवर वाटावा लागतो.